परजीवी आणि त्यांची प्रथिनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रेणवीय जीवशास्त्राची संशोधक आहे. मलेरियाचा प्लास्मोडियम आणि निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोम या दोन परजीवींच्या प्रथिनांवर माझं काम चालतं. विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर, आणि ज्यांच्या घरात कुणाला असा आजार होऊन गेला आहे अशी माणसं मला प्रश्न विचारतात. बरेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं नीट, सवडीने द्यावीत म्हणून हे पान लिहिलं आहे.

तुम्ही नेमकं काय करता?

मलेरियाचा परजीवी एकाच पेशीचा असतो. पण त्या पेशीत केंद्रक आहे, तंतुकणिका आहे, प्रथिनं बनवणारे रायबोसोम आहेत. हे सगळं आपल्या पेशीतही आहे. तो आपल्या रक्तात राहतो, आपलंच हिमोग्लोबिन खातो आणि त्याचा कारभार बऱ्याच अंशी आपल्यासारखाच चालतो. म्हणूनच त्याला मारणं अवघड आहे. जे त्याला विषारी, ते आपल्यालाही विषारी ठरण्याची भीती असते.

माझं काम म्हणजे त्याच्या आणि आपल्या प्रथिनांमधला फरक शोधणं. हा फरक कधी आकारात सापडतो, कधी एखाद्या विद्युतभारात, आणि कधी नुसतं ते प्रथिन पेशीत किती वेळ टिकतं एवढ्यातच. एका ऑक्सिजनच्या अणूइतका फरकही औषध चालणार की नाही हे ठरवू शकतो. याची उदाहरणं पुढे येतीलच.

परजीवी म्हणजे जीवाणू-विषाणूंसारखे जंतूच ना?

बोलताना आपण सगळ्यांनाच जंतू म्हणतो. पण विषाणूला स्वतःची पेशी नसते. जीवाणूला पेशी असते, केंद्रक नसतं. प्लास्मोडियम, ट्रिपॅनोसोम आणि काळ्या आजाराचा लीशमॅनिया हे केंद्रक असलेले एकपेशीय जीव आहेत. पोटातले जंत तर अनेक पेशींचे पुरते प्राणी.

त्यामुळे नेहमीची बहुतेक प्रतिजैविकं यांच्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन मात्र मलेरियावर चालतं, आणि त्याचं कारण मला फार सुंदर वाटतं. कोणे एके काळी या परजीवीच्या पूर्वजाने एक लाल शैवाल गिळलं होतं. त्याचा अवशेष आजही त्याच्या पेशीत आहे. त्याला एपिकोप्लास्ट म्हणतात. त्याच्याभोवती चार पापुद्रे आहेत, आत स्वतःचा छोटासा डीएनए आहे आणि जीवाणूंच्या वळणाचे रायबोसोम आहेत. डॉक्सिसायक्लिन नेमकं तिथे घाव घालतं. परजीवी त्या पिढीत मरत नाही. त्याची पिल्लं धड एपिकोप्लास्टशिवाय जन्मतात आणि मग मरतात. म्हणून या औषधाचा परिणाम दिसायला उशीर लागतो.

परजीवीची सगळी जनुकं वाचून झाली आहेत. मग अजून शोधायचं काय राहिलं?

मलेरियाच्या परजीवीची एक जात असलेल्या प्लास्मोडियम फाल्सिपॅरमचा जनुकसंच २००२ साली प्रसिद्ध झाला. १४ गुणसूत्रं, सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरं, ५,३०० च्या आसपास जनुकं. पण त्या वेळी निम्म्याहून जास्त प्रथिनांचं काम काय असावं याचा अंदाजही बांधता आला नव्हता, कारण तशी प्रथिनं दुसऱ्या कुठल्या ओळखीच्या जीवात दिसत नव्हती. त्यातली पुष्कळ अजूनही तशीच आहेत.

जनुक वाचलं की अमिनो आम्लांचा क्रम कळतो. पण ते प्रथिन कधी बनतं, पेशीत कुठे जाऊन बसतं, कुठे कापलं जातं, त्याला फॉस्फेट लागतं की चरबीचा नांगर, हे त्या क्रमात सरळ लिहिलेलं नसतं. एक उदाहरण देते. लाल पेशीत शिरल्यावर परजीवी आपली शेकडो प्रथिनं त्या पेशीत सोडतो आणि तिचं रूपच पालटून टाकतो. यांतल्या अनेक प्रथिनांच्या सुरुवातीला पाच अमिनो आम्लांची एक खूण असते. ती २००४ मध्ये सापडली. पुढे २०१० मध्ये कळलं की परजीवीचं प्लाझ्मेप्सिन ५ नावाचं विकर त्या खुणेच्या मधोमध कात्री चालवतं. म्हणजे बाहेर पडणारं प्रथिन जनुकात लिहिलेल्या प्रथिनापेक्षा आखूड असतं आणि त्याचं टोक नवं असतं. हे कळायला प्रथिनच हातात घ्यावं लागतं. जनुक वाचून ते कळलं नसतं.

मलेरियाचा परजीवी लॅबमध्ये वाढवता कसा?

माणसाच्या लाल रक्तपेशींमध्येच. १९७६ पर्यंत हे कुणालाच सलग जमलं नव्हतं. त्या वर्षी विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी फाल्सिपॅरम सतत वाढवत ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. परजीवीला हवेतल्यापेक्षा कमी ऑक्सिजन लागतो. त्यासाठी त्यांची युक्ती साधी होती. झाकणबंद काचेच्या भांड्यात कल्चरशेजारी मेणबत्ती पेटवायची आणि ती विझू लागली की भांडं बंद करायचं. आज आम्ही सिलिंडरमधलं मिश्रण वापरतो, ऑक्सिजन पाच टक्के, कार्बन डायऑक्साइड पाच टक्के, उरलेला नायट्रोजन. मुद्दा तोच.

इन्क्युबेटर ३७ अंशांवर असतो. त्यात फ्लास्क आडवा ठेवलेला असतो, तळाला रक्तपेशींचा पातळ गडद थर आणि वर लालसर पोषक द्रव. कल्चर फार वाढलं की आम्ल साचतं आणि तो द्रव पिवळसर पडतो. सकाळी लॅबमध्ये शिरल्यावर आधी तो रंग बघायचा, मग बाकीचं. नंतर तळाचा एक थेंब काचपट्टीवर ओढायचा, मिथेनॉलमध्ये बुडवून वाळवायचा, गिएम्साच्या रंगात ठेवायचा, धुवायचा. शंभरपट भिंगाखाली तेलाचा थेंब टाकून पाहिलं की फिकट लालसर चकत्यांमध्ये मधूनच एक बारीक निळी अंगठी दिसते, आणि अंगठीत खडा असावा तसा तिच्यावर जांभळट लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. चोवीस तासांनी अंगठीच्या जागी जाडसर निळा गोळा झालेला असतो आणि त्यात तपकिरी कण चमकत असतात. अठ्ठेचाळीस तासांनी पेशी फुटून १६ ते ३२ नवे परजीवी बाहेर पडतात.

सगळे परजीवी एकाच वयाचे हवे असतील तर कल्चरवर थोडा वेळ पाच टक्के सॉर्बिटॉल घालायचं. वाढलेल्या परजीवीने आपल्या पेशीचं आवरण झिरपतं करून ठेवलेलं असतं, त्यामुळे सॉर्बिटॉल आत शिरतं आणि ती पेशी फुटते. कोवळ्या अंगठ्या तेवढ्या उरतात.

व्हायवॅक्स मलेरियाच्या बाबतीत हे सारं अजून साधलेलं नाही. त्या परजीवीला नुकत्याच जन्मलेल्या लाल पेशी लागतात, आणि त्या रक्तात फार थोड्या असतात.

तुम्हाला संसर्गाची भीती वाटत नाही?

फ्लास्कमधला परजीवी हवेतून येत नाही, स्पर्शानेही येत नाही. लॅबमध्ये डास नसतील तर धोका फक्त सुईचा आणि फुटक्या काचेचा. म्हणून या कामात सुई शक्यतो हातात घ्यायचीच नाही, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावली जाते.

परजीवीचं एक प्रथिन शुद्ध करायला किती वेळ लागतो?

कधी एक आठवडा, कधी दोन वर्षं. हा प्रश्न विचारणाऱ्याला मी थोडं बसवूनच उत्तर देते, कारण आमच्या कामातलं बरंचसं आयुष्य इथेच जातं.

परजीवीतून सरळ प्रथिन काढायचं तर माल फार थोडा मिळतो. म्हणून त्याचं जनुक ई. कोलाय या जीवाणूत घालतात आणि त्याच्याकडून प्रथिन बनवून घेतात. पहिली अडचण इथेच येते. फाल्सिपॅरमच्या डीएनएत सुमारे ऐंशी टक्के अक्षरं ए आणि टी आहेत. तो जे त्रिअक्षरी संकेत सर्रास वापरतो, त्यांतले काही जीवाणूच्या क्वचितच वापरात असतात, त्यामुळे जीवाणू मध्येच अडखळतो. आता आम्ही जनुक जीवाणूच्या सवयीच्या अक्षरांत नव्याने लिहून बनवून घेतो. अमिनो आम्लांचा क्रम तोच राहतो, फक्त शब्दलेखन बदलतं.

दुसरी अडचण घडीची. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि ती नीट घडी पडली तरच कामाची. ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज हे विकर युरियात पूर्ण उलगडून दाखवलं आणि युरिया काढल्यावर ते आपलं आपण पुन्हा घडीत बसलं. या कामासाठी त्यांना १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. परजीवीची प्रथिनं इतकी समजूतदार नसतात. त्यांच्यात मध्येच अ‍ॅस्पॅराजिनच्या लांबच लांब रांगा असतात, एकाच मण्याचे पन्नास-पन्नास मणी ओवावेत तशा. जीवाणूच्या पोटात ही प्रथिनं गुंतून एकमेकांना चिकटतात आणि सेंट्रिफ्यूजच्या नळीच्या तळाशी पांढराशुभ्र घट्ट गोळा बसतो. तो गोळा युरियात विरघळवायचा, युरिया झिरपून बाहेर जावा म्हणून डायलिसिसच्या पिशवीत भरायचा आणि चार अंशांच्या थंड खोलीत बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, रात्रभर हलवत ठेवायचा. सकाळी पिशवी उजेडासमोर धरून बघायची. पाणी नितळ दिसलं तर आशा आहे. दूध नासावं तसे पांढरे कण तरंगताना दिसले तर पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतः ते कण शेकडो वेळा पाहिले आहेत.

विरघळलेलं प्रथिन पकडण्यासाठी त्याच्या टोकाला सहा हिस्टिडिनची शेपटी जोडतात. ती निकेलला धरते, त्यामुळे निकेलच्या कॉलमवर आपलं प्रथिन अडकतं आणि बाकीचं वाहून जातं. निदान तसं अपेक्षित असतं. सुरुवातीच्या काळात मला एकदा कॉलमवरून फार देखणं प्रथिन मिळालं. जेलवर २५ किलोडाल्टनच्या आसपास जाडजूड निळा पट्टा आला. माझ्या प्रथिनाचं वजनही जवळपास तेवढंच होतं. तीन आठवडे मी त्यावर प्रयोग केले, क्रिया मोजली, ती सापडेना म्हणून बफर बदलून पाहिले. शेवटी तो पट्टा कापून ट्रिप्सिन या विकराने त्याचे तुकडे केले आणि मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्राला दिले. ट्रिप्सिन फक्त लायसिन आणि आर्जिनिननंतर कापतं, त्यामुळे तुकड्यांच्या वजनांवरून मूळ प्रथिन ओळखता येतं. ते निघालं स्लायडी, जीवाणूचं स्वतःचं प्रथिन, ज्याच्या शेपटीत मुळातच भरपूर हिस्टिडिन आहेत. माझं प्रथिन तळाच्या पांढऱ्या गोळ्यात पडून होतं. तेव्हापासून पट्टा कोणाचा हे मास स्पेक्ट्रोमीटरकडून कळल्याशिवाय आमच्याकडे पुढचं पाऊल टाकलं जात नाही. नवीन विद्यार्थ्यांना हा नियम जाचक वाटतो. मी तो सोडत नाही.

एकच औषध परजीवीला मारतं आणि माणसाला सोडतं, हे कसं?

याची तीन उदाहरणं देते, आणि तिन्हींतला फरक वेगवेगळ्या जातीचा आहे.

पहिला फरक सरळ आहे, की एखादी गोष्ट त्याच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाहीच. आपल्या पेशी ऑक्सिजनच्या दाहापासून वाचायला ग्लुटाथायोन वापरतात. ट्रिपॅनोसोम आणि लीशमॅनिया दोन ग्लुटाथायोन एका स्पर्मिडिनला जोडून ट्रायपॅनोथायोन नावाचा वेगळाच रेणू बनवतात. तो १९८५ मध्ये ओळखला गेला. त्याला कामावर ठेवणारं विकर आपल्याकडे नाही, म्हणून औषध शोधणाऱ्यांचा त्यावर डोळा आहे.

दुसरा फरक आकाराचा. फॉलेटच्या मार्गातलं डीएचएफआर हे विकर आपल्याकडेही आहे आणि मलेरियाच्या परजीवीकडेही. पण त्याच्याकडे ते दुसऱ्या एका विकराशी एकाच माळेत जोडलेलं आहे, आपल्याकडे दोन्ही सुटी आहेत. शिवाय त्याच्या खोबणीची ठेवण थोडी निराळी आहे. पायरिमेथामाइन हे औषध त्या खोबणीत घट्ट बसतं, आपल्या विकरात तितकं बसत नाही.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं आहे. निद्रारोगावरचं एफ्लॉर्निथीन हे औषध ऑर्निथीन डीकार्बॉक्सिलेज या विकराला कायमचं चिकटतं आणि ते निकामी करतं. ते आपल्या विकरालाही चिकटतं आणि परजीवीच्याही. खोबणीत फरक जवळपास नाहीच. मग परजीवीच का मरतो? आपल्या विकराच्या शेवटी एक शेपूट आहे, आणि त्या शेपटीमुळे पेशी ते विकर तासाभराच्या आतच मोडून टाकते आणि नवं बनवते. म्हणजे औषधाने निकामी केलेलं विकर आपण तसंही फेकूनच देणार होतो. ट्रिपॅनोसोमच्या विकराला ती शेपूट नाही. तो ते फार काळ जपून वापरतो आणि नवं सावकाश बनवतो. निकामी झालेलं विकर घेऊन तो अडकून पडतो. दोन प्रथिनांचे फोटो शेजारी ठेवून हा फरक कधीच दिसला नसता. तो घड्याळ लावून मोजावा लागला.

मग असं औषध रोग्यापर्यंत पोचायला किती वर्षं जातात?

एफ्लॉर्निथीनचीच गोष्ट सांगते. हा रेणू १९७० च्या दशकात कर्करोगावर उपयोगी पडेल म्हणून बनवला गेला. १९८० मध्ये उंदरांमधले ट्रिपॅनोसोम त्याने मरतात असं दिसलं. १९९० मध्ये अमेरिकेत त्याला निद्रारोगासाठी मान्यता मिळाली. तोवर उशिराच्या टप्प्यातल्या रोग्याला मेलार्सोप्रोल हे आर्सेनिकचं औषध द्यावं लागे, आणि ते घेणाऱ्यांपैकी साधारण पाच टक्के माणसं त्या औषधानेच दगावत. एफ्लॉर्निथीन त्याहून कितीतरी सुरक्षित होतं. तरीही १९९० च्या दशकात त्याचं उत्पादन थांबलं, कारण ज्यांना ते हवं होतं त्या मध्य आफ्रिकेतल्या रोग्यांकडे पैसे नव्हते. दरम्यान तोच रेणू स्त्रियांच्या चेहऱ्यावरचे केस कमी करणाऱ्या मलमात वापरात आला. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेबरोबर करार होऊन निद्रारोगासाठी पुरवठा पुन्हा सुरू झाला. हे मला आजही शांतपणे सांगता येत नाही. रसायनशास्त्र आपलं काम करून मोकळं झालं होतं, औषध हाताशी होतं, आणि माणसं आर्सेनिक घेत होती.

औषध मिळालं तरी सोय नव्हती. एकट्या एफ्लॉर्निथीनचा उपचार म्हणजे शिरेतून दिवसाला चार वेळा, सलग चौदा दिवस. छप्पन्न सलाइनं, तीही दूर खेड्यातल्या दवाखान्यात. पुढे निफर्टिमॉक्स या दुसऱ्या औषधाच्या जोडीने ती बरीच कमी झाली. २०१८ मध्ये फेक्सिनिडाझोल ही तोंडाने घ्यायची गोळी मान्य झाली. त्याच वर्षी जगभरात नोंदलेले रुग्ण प्रथमच हजाराच्या खाली आले.

क्लोरोक्विन इतकं चांगलं औषध होतं, ते निकामी का झालं?

त्यासाठी परजीवी खातो काय हे आधी बघायला हवं. लाल पेशीत शिरल्यावर तो तिथलं निम्म्याहून बरंच जास्त हिमोग्लोबिन एका आम्लधर्मी पुटिकेत नेऊन पचवतो. प्रथिनाचे तुकडे त्याच्या कामी येतात, पण मागे हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, उरतं. सुटं हीम त्यालाच विषारी असतं. म्हणून तो हीमचे स्फटिक बनवून ठेवतो. भिंगाखाली चमकणारे तपकिरी कण म्हणतात ते हेच. १८८० मध्ये अल्जीरियात लाव्हरान यांनी परजीवी पहिल्यांदा पाहिला, तेव्हाही या रंगीत कणांनीच त्यांचं लक्ष वेधलं होतं.

क्लोरोक्विन त्या पुटिकेत साचतं आणि हीमचे स्फटिक होऊ देत नाही. परजीवी आपल्याच उष्ट्याच्या विषाने मरतो. पुटिकेच्या भिंतीत ४२४ अमिनो आम्लांचं सीआरटी नावाचं एक वाहक प्रथिन आहे. त्याच्या ७६ व्या जागी एरवी लायसिन असतं आणि त्यावर धन विद्युतभार असतो. क्लोरोक्विनवरही पुटिकेत धन भारच असतो, त्यामुळे त्याला त्या वाटेने बाहेर पडता येत नाही. लायसिनच्या जागी थ्रिओनिन आलं की तो भार गेला आणि दार उघडलं. आजूबाजूला आणखी काही बदल लागतात, पण कळीचा बदल हाच. तो २००० मध्ये सापडला आणि त्या प्रथिनाची प्रत्यक्ष रचना २०१९ मध्ये क्रायो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसली. औषधाची कुचराई मात्र १९५० च्या दशकाच्या अखेरीसच जाणवू लागली होती.

आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या दुसऱ्या औषधाची गोष्टही याच पुटिकेत येऊन मिळते. तू यूयू यांना त्याच्या शोधासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. या रेणूत दोन ऑक्सिजनचा एक पूल आहे. हीममधल्या लोहाने तो तुटतो आणि मग तो रेणू आजूबाजूच्या प्रथिनांना भाजून काढतो. म्हणजे परजीवीने हिमोग्लोबिन खाल्लं तरच औषध पेटतं. केल्च १३ या प्रथिनात ठरावीक बदल झालेले परजीवी कोवळ्या वयात हिमोग्लोबिन कमी गिळतात. औषध रक्तात असेपर्यंत ते अर्धपोटी राहतात आणि ते ओसरल्यावर पुन्हा वाढू लागतात. हा डाव मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

मला ताप आहे. यातलं कोणतं औषध घेऊ?

इथून वाचून कोणतंही घेऊ नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. फाल्सिपॅरम मलेरिया एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांनी दिलेली मात्रा ताप उतरला तरी पूर्ण करा.

रॅपिड टेस्टवर रेघ उमटते ती कशाची?

बहुतेक पट्ट्यांवर एचआरपी-२ या प्रथिनाची. ते फक्त फाल्सिपॅरम बनवतो आणि रक्तात सोडतो. त्याच्यात जवळपास दर तिसरं अमिनो आम्ल हिस्टिडिन असतं, त्यामुळे शेपटी न जोडताही ते निकेलच्या कॉलमला धरून बसतं. पट्टीवरचे प्रतिपिंड ते पकडतात आणि त्यांना जोडलेल्या रंगीत कणांची रेघ दिसते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. परजीवी मेल्यावरही हे प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं, म्हणून बरं झाल्यावरही रेघ येऊ शकते. आणि काही परजीवींनी हे जनुकच गमावलं आहे. पेरूमधून २०१० मध्ये असे परजीवी नोंदले गेले, पुढे आफ्रिकेतही सापडले. असा परजीवी अंगात असूनही पट्टी कोरी राहते. म्हणून काही पट्ट्यांवर परजीवीच्या लॅक्टेट डीहायड्रोजनेजची रेघही असते, कारण त्या विकराशिवाय त्याला जगता येत नाही.

शरीर परजीवीला ओळखत कसं नाही? आणि लस इतकी वर्षं का झाली नाही?

शरीर ओळखतं. पण तोवर परजीवीने अंगरखा बदललेला असतो. ट्रिपॅनोसोमच्या अंगावर एकाच प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीवाटीने उभे असतात. त्याला व्हीएसजी म्हणतात. त्याच्या डीएनएत अशा अंगरख्यांचे दोन हजारांच्या आसपास नमुने, धड आणि मोडके मिळून, साठवलेले असतात. एका वेळी एकच अंगावर. प्रतिपिंड तयार होतात, बहुतेक परजीवी मरतात, ज्या थोड्यांनी अंगरखा बदललेला असतो ते पुन्हा वाढतात. एवढ्यावर तो थांबत नाही. प्रतिपिंड येऊन चिकटलाच तर पोहताना मागे सरणाऱ्या पाण्याच्या रेट्याने तो व्हीएसजीसकट शेपटीकडे ढकलला जातो आणि तिथल्या खिशातून गिळला जातो. पोहता पोहता तो स्वतःला स्वच्छ करतो.

फाल्सिपॅरमकडे अशी साठेक जनुकं आहेत. त्यांतलं एक प्रथिन लाल पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि तिला रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवतं, म्हणजे प्लीहेकडे वाहत जाऊन नष्ट होण्याची वेळ येत नाही.

लस बनवणाऱ्यांनी म्हणून वेगळा क्षण निवडला. डास चावल्यावर यकृताकडे निघालेल्या परजीवीच्या अंगावर सीएसपी हे प्रथिन असतं आणि त्यात अ‍ॅस्पॅराजिन, अ‍ॅलानिन, अ‍ॅस्पॅराजिन, प्रोलिन ही चौकडी पुन्हा पुन्हा येते. याच भागावर आधारलेल्या आरटीएस,एस लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली आणि आर२१ ची २०२३ मध्ये. या लशी पूर्ण संरक्षण देत नाहीत आणि त्यांचा जोर काळानुसार ओसरतो. तरी मुलांचे जीव त्या वाचवतात, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी त्या सर्वत्र पोचायलाच हव्यात.

जंतांच्या बाबतीतही असंच असतं का?

तत्त्व तेच. अल्बेंडाझोल जंताच्या बीटा ट्यूब्युलिनला धरतं. या प्रथिनाच्या २०० व्या जागी फिनाइलअ‍ॅलानिनऐवजी टायरोसिन आलं की औषधाची पकड सुटते. या दोन अमिनो आम्लांत एका ऑक्सिजनचाच फरक आहे. मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांमध्ये हा बदल सर्रास दिसतो.

आता संगणक प्रथिनाचा आकार सांगतो. मग तुमचं काम उरलं का?

अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीने प्रथिनांचा आकार ओळखण्याच्या २०२० च्या स्पर्धेत जे करून दाखवलं ते पाहून मला मनापासून आनंद झाला. २०२४ चं नोबेल ते बनवणाऱ्यांना योग्यच मिळालं. आमच्याकडे त्याचा रोजचा उपयोग असा की जीवाणूत प्रथिन बनवण्याआधी ते कुठे कापावं हे कळतं. घट्ट घडीचा भाग ठेवायचा, लोंबणारी टोकं सोडायची. पूर्वी यासाठी वीस-वीस तुकडे बनवून बघावे लागत. आता तीन-चारांत भागतं.

अ‍ॅस्पॅराजिनच्या त्या लांब रांगांपाशी मात्र चित्रात सैल दोऱ्यासारखी वेटोळी दिसतात आणि अल्फाफोल्ड स्वतःच तिथे खात्री कमी असल्याचं दाखवतो. प्रथिन किती वेळ टिकतं हे चित्रात नसतं. एफ्लॉर्निथीनचं उत्तर अशा चित्रातून निघालं नसतं.

मला या क्षेत्रात यायचं आहे. काय शिकू?

रसायनशास्त्र पक्कं करा, विशेषतः आम्ल-आम्लारी आणि विद्युतभार. पिपेट हातात बसायला वेळ लागतो, तो द्या. थोडं प्रोग्रॅमिंग येऊ द्या. आणि भिंगाखाली स्वतःच्या डोळ्यांनी स्लाइड मोजायला शिका, भले यंत्र मोजून देत असेल.

इतक्या वर्षांनंतरही थक्क करणारी एखादी गोष्ट?

परजीवी लाल पेशीत शिरतो तो क्षण. जिवंत कल्चर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून फुटायच्या बेताला आलेली पेशी शोधायची आणि वाट बघायची. पेशी फुटते, पिल्लं उधळतात. त्यांतलं एखादं शेजारच्या पेशीला टेकतं. पेशीचं आवरण थरथरतं, दुमडतं. पिल्लू वळून आपलं टोक तिच्यावर रोखतं आणि मिनिटाभरात आत जातं. बाहेर काहीच उरत नाही.

आत शिरण्यासाठी त्याला पकड लागते. सुरुवातीला त्याचं आरएच५ हे प्रथिन लाल पेशीवरच्या बॅसिजिनला धरतं. ही जोडी २०११ मध्ये सापडली आणि आता तिच्यावर आधारित लशींचं काम चालू आहे. पण खरी घट्ट पकड त्यानंतरची. परजीवीच्या अंगावर एएमए१ नावाचं प्रथिन असतं, आणि ते ज्याला धरतं ते आरओएन२ हे लाल पेशीचं नसतंच. परजीवी तेही आपल्याबरोबर आणतो, आधी लाल पेशीच्या आवरणात घुसवतो आणि मग त्यालाच धरून आत सरकतो. आधाराची खुंटी ठोकणारा तोच आणि ती धरणारा हातही त्याचाच. या खुंटीच्या टोकाचा जो छोटासा फास एएमए१ च्या खोबणीत बसतो, तो आत्ता आमच्या थंड खोलीत डायलिसिसच्या पिशवीत आहे. उद्या सकाळी ती उजेडासमोर धरायची आहे.